निम्मं डांबर, निम्मं काळं रान, मधे कुंभार्ली घाट: थारला टायर कुठले टाकू?

पाणंदवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय त्यामुळं लांबलं तर सांभाळून घ्या.

गाडी थार, २०२१ ची, डिझेल, हार्डटॉप, एलएक्स. टायर कंपनीतून आलेलेच, २५५/६५ आर १८ (म्हणजे १८ इंची रिम), ५८ हजार किलोमीटर झालेत. कोर, म्हणजे टायरवरच्या खाचा, अजून दिसते पण एक रुपयाचं नाणं घातलं तर निम्मंही आत जात नाही, परवा दुकानात मोजलं तर साडेतीन मिमी निघालं.

राहायला पुण्यात. गाव पाथरी तालुक्यात, परभणी जिल्हा, कॅनॉलचा भाग, सगळी काळी जमीन, डांबरी रस्ता सोडला की आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या घरापर्यंत, दोन किलोमीटर पाणंद. सासुरवाडी गुहागरला. म्हणजे महिन्यातनं एकदा गाव, दीडदोन महिन्यांतनं एकदा कोकण आणि बाकी रोजचं घर ते हिंजवडी, त्याबद्दल काय बोलायचं.

आता विषय काय झाला, जुलैमध्ये पाटणकडनं कुंभार्ली उतरत होतो, पाऊस धो धो, वळणावर समोर एसटी आली, ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस थरथरलं आणि गाडी थांबायचं सोडून सरकतच राहिली. एसटीपासून दोन हातांवर थांबली. बायको काही बोलली नाही. चिपळूण येईपर्यंत काहीच बोलली नाही, ते जास्त वाईट.

त्याच महिन्यात गावाकडं पाणंदीत गाडी रुतली. ४ एल (चारी चाकं, सगळ्यात हळू गिअर) टाकलं, सगळं केलं, शेवटी चुलत्याच्या ट्रॅक्टरनं काढली. फोर बाय फोर म्हणून मिरवत आणलेली गाडी ट्रॅक्टरच्या मागं बांधलेली बघून अख्खं गाव हसलं राव.

दुकानदार म्हणतो एमटी (मड टेरेन, चिखलाचे) टाका आणि एक साइज मोठी टाका, दोन इंच लिफ्ट करून गाडी उंच पण करून देतो. ऑफिसमधला मित्र म्हणतो साधे एचटी (हायवे टेरेन, डांबराचे) टाक, आवाज नाही काही नाही. भाऊ म्हणतो आत्ता मागचे दोन बदल, पुढचे दिवाळीला बघू. मला तिघांचंही पटतंय, हाच प्रॉब्लेम आहे. पावसाळा संपायच्या आत टाकायचेत. सांगा.

चिखलबहाद्दर

एमटी. विषय संपला. थारला एचटी टाकणं म्हणजे पैलवानाला स्लिपर घालून आखाड्यात उतरवणं.

टायरवाला_सातारा

पाणंदवाले भाऊ, माझं स्वतःचं टायरचं दुकान आहे, बावीस वर्षं हेच करतोय, त्यामुळं धंद्याच्या विरोधात बोलतोय असं वाटलं तर वाटू दे.

पहिलं ते भावाचं ऐकू नका. दोन टायर बदलायचा हिशोब साध्या गाडीला चालतो, तुमच्या गाडीला नाही. नव्या एटी (ऑल टेरेन, दोन्हीकडं चालणाऱ्या) टायरची कोर साधारण १०-११ मिमी असते, तुमची साडेतीन राहिलीये. म्हणजे नव्या आणि जुन्या चाकाच्या व्यासात जवळजवळ १५ मिमीचा फरक पडला. तुमची थार पार्ट टाइम फोर बाय फोर आहे, ४ एच (चारी चाकं, नेहमीचा वेग) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरायला बांधले जातात, मधे वेगातला फरक सांभाळणारं डिफरन्शियल नाही. पुढची चाकं लहान, मागची मोठी, मग एकमेकांशी भांडणार कोण, तर पुढं-मागं ताकद वाटणारी ट्रान्सफर केस. चिखलात चाक थोडं घसरून ते भांडण मिटवतं, जरा कोरडी कडक जमीन लागली की नाही मिटवत. चारही एकदम, एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे. पैसे कमी असतील तर एक पायरी स्वस्त टायर घ्या पण चार घ्या.

दुसरं, घाटात जे झालं त्याचा आणि फोर बाय फोरचा काही संबंध नाही. फोर बाय फोर गाडी ओढायला असतं, थांबवायला नाही. थांबायला अल्टोला पण चारच चाकं आणि थारला पण चारच, वर थार दुपटीहून जास्त वजनाची. कायद्यानं १.६ मिमीपर्यंत टायर चालतो, पण ओल्या रस्त्यावर तीन-साडेतीनच्या खाली गेला की पाणी बाजूला सारायची ताकद राहत नाही आणि चार वर्षांत रबर पण कडक झालेलं असतं. नखानं दाबून बघा, नवा आणि जुना शेजारी ठेवून. तुम्ही त्या दिवशी वाचलात असं समजा.

आता एमटी. एमटीचे ठोकळे मोठे आणि मधली जागा मोकळी, चिखल धरायला आणि फेकायला केलेलं असतं ते. त्यामुळं डांबराला टेकणारं रबरच कमी, आणि ठोकळ्यावर त्या बारीक चिरा असतात ना, ज्या पाण्याची पातळ साय फोडतात, त्या एमटीवर फार थोड्या. कोरड्या रस्त्यावर जाणवत नाही, कुंभार्लीत जुलैमध्ये जाणवेल. ज्या कारणासाठी तुम्ही टायर बदलताय तेच कारण परत डोक्यावर.

साइज वाढवायच्या आधी एवढंच बघा की कंपनीनं तुमच्या मॉडेलच्या कुठल्या ना कुठल्या व्हेरियंटला ती साइज दिलीये का. थारमध्ये दोन आहेत, तुमची २५५/६५ आर १८ आणि एएक्सची २४५/७५ आर १६. हिशोब करा, १८ वाली ७८९ मिमी उंच, १६ वाली ७७४. चाक १५ मिमीनं लहान होतं पण टायरची भिंत १६६ वरून १८४ मिमी होते, म्हणजे खड्ड्यात रिम वाचते आणि हवा कमी करायला वाव मिळतो. ज्याला खरंच रानात गाडी घालायचीये त्यानं उलट रिम लहान करावी, मोठी नाही. फक्त १६ ची रिम आधी चढवून फिरवून बघा, कॅलिपरला घासते का, पीसीडी (बोल्टच्या भोकांचं माप) आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) जुळतोय का, मगच पैसे द्या. लिफ्ट वगैरे दुकानदाराच्या मुलीच्या लग्नासाठी असते.

चिखलबहाद्दर

@टायरवाला काका, सगळं मान्य पण तो पाणंदीत अडकला त्याचं काय? एटीवर काळी माती बसली की ते पण स्लिपरच. आम्ही दर रविवारी जातो, एटीवाले अडकतात, एमटीवाले ओढतात, डोळ्यानं बघितलेलं सांगतोय. आणि एमटीची साइडवॉल जाड असते, दगडानं फाटत नाही, ते कोण बघणार?

काळंरान_हिंगोली

भाऊ आमचं रान पण तसंच हाय, कयाधूच्या काठाला, पुरुषभर खोल काळी. म्या कास्तकार माणूस, टायरमधलं लई कळत नाही पण काळ्या मातीतलं कळतं.

तुमच्याकडं लोणावळ्याला जो चिखल असतो ना तो पाण्यासारखा असतो, खाली मुरूम नाहीतर दगड लागतो, टायरनं वरचा चिखल फेकला की खाली धरायला कायतरी हाय. आमच्या काळीत खाली पण काळीच. तिच्यात चिकणमाती एवढी की पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात त्यात लेकराचा हात जातो आणि पावसात त्याच भेगा मिटून लोणी होतं. पहिल्या पावसाला वरचं चार बोटं ओलं असतं, खाली टणक, तवा कोणतं बी टायर चालतं. आर्द्रात झड लागली की मग खालीवर एकच. टायर एकदा फिरला की माती धरतो, दुसऱ्यांदा फिरला की भरतो, तिसऱ्यांदा टायर राहतच नाही, मातीचा रूळ होतो. एमटी काय आणि एटी काय, दोन्हीवर माती बसली की दोन्ही बिनकोरचे. एमटी फेकतो म्हणतात ते खरं पण फेकायला चाक जोरात फिरावं लागतं, आणि जोरात फिरवलं की काळीत ते खाली जातं, पोट टेकलं की संपलं. मग चारी चाकं हवेत फिरत बसतात. मडगार्डात पण माती ठासते, चाक फिरायचं बंद होतं. आमच्या आज्याच्या काळात बैलगाडीची चाकं भरायची, काठीनं उकरत उकरत घर गाठायचे, तीच गत.

ट्रॅक्टर निघतो कारण त्याचं चाक माणसाच्या छातीएवढं आणि खाली पोट नाही. त्याची बरोबरी थारनं करू नये आणि थारवाल्यानं लाजू पण नये.

झडीत गाडी डांबरी कडंला लावायची. पाणंद चालायला हाय की.

जिम्नीताई_बेळगाव

काळंरान काकांनी लिहिलंय ते वाचून मजा आली, आमच्याकडं अगदी उलटं बघा. मी बेळगावची, महिन्यातनं दोनदा चोर्ला घाटानं गोव्याला जाते, जिम्नी आहे. आमच्याकडं लाल माती आणि जांभा. तुमच्या गुहागरला पण तेच असणार. जांभ्याला पावसात शेवाळ धरलं की त्याच्यावर कोर कितीबी असू दे, उपयोग नाही, तिथं रबर मऊ पाहिजे आणि हवा कमी पाहिजे.

हवेबद्दल कुणीच कसं बोललं नाही? मला वाटतं टायरचं निम्मं काम हवेचं असतंय. माझे कंपनीचे १९५/८० आर १५ एचटी होते, पहिलं वर्षभर त्याच्यावरच मी दांडेलीच्या बाजूला कच्च्यात सगळीकडं जाऊन आले, नुसतं हवा २० पीएसआयपर्यंत उतरवून. हवा उतरवली की टायर रुंद होतो असं लोकांना वाटतंय, रुंद थोडासाच होतो, खरा लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि दगडाला मिठी मारतो. नंतर २१५/७५ आर १५ एटी घातले, व्यासात साधारण दीड टक्का फरक, स्पीडोमीटर किंचित कमी दाखवतोय, बाकी काही त्रास नाही. अ‍ॅव्हरेज एक किलोमीटरनं उतरलं. ८० च्या वर एक बारीक गुणगुण येते, गाणी लावली की ऐकू येत नाही.

पण हवा उतरवायची तर परत भरायला कॉम्प्रेसर गाडीत पाहिजेच. सिगारेट लायटरवर चालणारा नको, बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या, थारचा टायर मोठा आहे. हवा कमी असताना ३०-४० च्या वर जायचं नाही आणि एकदम स्टेअरिंग मोडायचं नाही, टायर रिमवरून उतरतो. माझा एकदा उतरला होता, भर पावसात, अनमोडच्या अलीकडं. परत कधी घाई केली नाही.

आणि गुहागरला जाताय म्हणून सांगते, हवा उतरवायला शिकलात की पहिला मोह पुळणीवर गाडी घालायचा होतो. घालू नका. नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात तिथं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही, दरवर्षी कुणाची ना कुणाची गाडी बोनेटपर्यंत पाण्यात गेलेली बघतोच की आपण.

पाणंदवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री बसून हिशोब केला. वर्षाला गाडी साधारण १४ हजार किलोमीटर फिरते. त्यात पाणंद किती, तर बारा फेऱ्या गुणिले जाऊन येऊन चार, म्हणजे ४८. आणि त्यातल्या पावसाळ्यातल्या फेऱ्या चार. म्हणजे १६ किलोमीटर. १४ हजारांतल्या १६ किलोमीटरसाठी मी एमटी घ्यायला निघालो होतो. बायकोला दाखवलं तर म्हणाली, हे मी जुलैमध्येच सांगितलं असतं, तू विचारलं नाहीस.

@चिखलबहाद्दर भावा, रागवू नको, पण एमटीचा फोटो काढून मी अजूनही बघतोय मधूनमधून.

आता प्रश्न असा की एटीमध्ये पण दहा प्रकार दिसतात, एक जवळपास एचटीसारखा आणि एक जवळपास एमटीसारखा. योकोहामाचा जिओलँडर, अपोलोचा अप्टेरा, सिएटचा झार, बीएफ गुडरिच, कुठून सुरू करू? आणि टायरवर एम प्लस एस लिहिलेलं असतं, दुकानदार म्हणाला त्याचा अर्थ चिखलात पास झालेला टायर.

टायरवाला_सातारा

एम प्लस एस हे कंपनी स्वतःच लिहिते, त्याला परीक्षा नसते, कोरीचा पॅटर्न तसा असला की झालं. परीक्षा असते ती तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी या खुणेला, आणि ती बर्फाची परीक्षा आहे. स्पितीला जाणार असाल तर बघा, पाथरीला बर्फ पडेल तेव्हा बघू.

कंपनीवरून भांडत बसू नका. चांगल्या कंपन्यांचे साधे, डांबराकडं झुकलेले एटी एकमेकांपेक्षा फार वेगळे नाहीत. ठोकळ्यावर बारीक चिरा भरपूर आहेत का, खांद्याला ठोकळे उघडे आहेत का, एवढं डोळ्यानं बघा. मग भिंतीवरचे आकडे. लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलायचा आकडा, मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका, १११ लिहिलं असेल तर एका टायरला १०९० किलो. पुढचं अक्षर वेगाचं, एस म्हणजे १८०, टी १९०, एच २१०, एमटीवर बऱ्याचदा क्यू सापडेल म्हणजे १६०. एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला टायर मागू नका, तो ओझं वाहणाऱ्या गाडीसाठी, भिंत जाड, वजनाला जड, तुमच्या थारमध्ये मागच्या सीटवरच्या माणसाचे मणके मोजेल. बहाद्दरभाऊ म्हणतात ती न फाटणारी साइडवॉल बऱ्याचदा हीच असते, दगडधोंड्यात खरंच कामाची, हे मी नाकारत नाही. परदेशी टायरच्या आयातीवर जून २०२० पासून परवाना लागतो, त्यामुळं काही साइज मधेच गायब होतात. पाचवा टायर सहा महिन्यांनी मिळणार नाही असं मॉडेल घेऊ नका.

आणि तारीख वाचायला शिका. भिंतीवर डीओटी लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे, २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सहा-आठ महिने जुना चालतो, दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला डिस्काउंटमध्ये देतात तो नको. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, बिल घेताना तेवढं बघा, काही जण अजून जुना भाव सांगतात.

चिखलबहाद्दर

रागवलो नाही रे. १६ किलोमीटरचा हिशोब बघितल्यावर माझा पण केला. सांगत नाही किती आला. पण माझ्याकडं रोजच्याला दुसरी गाडी आहे, एमटी फक्त रविवारच्या थारला, म्हणून मला परवडतं, हे आधीच लिहायला पाहिजे होतं. आणि काकांचं घाटातलं खरं आहे, ओल्या रस्त्यावर मी एमटी घेऊन पन्नासच्या वर जातच नाही, मागनं ट्रकवाले हॉर्न मारतात.

फक्त एक, एटी घेतलास तरी दोन चांगले शॅकल (दोर अडकवायच्या कड्या), एक काइनेटिक (ताणला जाणारा) दोर आणि एक फावडं मागं टाक. गाव हसलं तरी लवकर निघशील.

पाणंदवाला

टाकले शेवटी. साइज तीच ठेवली २५५/६५ आर १८, साधे एटी, चारही एकाच आठवड्यातले. १६ ची रिम मनात होती पण चार रिमचे पैसे आणि ऑफिसच्या पार्किंगमधली थार एएक्ससारखी दिसेल हे दोन्ही जड गेलं, खोटं कशाला बोलू. अलाइनमेंट बॅलन्सिंग करून घेतलं. लिफ्टवाला दुकानदार अजून फोन करतोय.

शनिवारी गुहागरला जाऊन आलो. कुंभार्लीत पाऊस होताच, मुद्दाम मागं कुणी नाही बघून सरळ पट्ट्यात चाळीसवर जोरात ब्रेक मारला. एबीएस पार शेवटी एकदा टकटकलं आणि गाडी थांबली. बायको म्हणाली, आता हे प्रत्येक वळणावर करणार आहेस का?

पुढच्या आठवड्यात गाव आहे, झड चालू असली तर काळंरान काकांचं ऐकून डांबरी कडंला लावतो, चुलत्याला आधीच फोन केलाय.

एकच राहिलं, मागच्या दारावरची स्टेपनी. ती २०२१ पासून एकदाही खाली उतरली नाही, कोर अगदी नवी आहे. तशीच ठेवू का?

टायरवाला_सातारा

कोर नवी पण रबर चार वर्षं उन्हात वाळलंय. पंक्चर झालं तर घरापर्यंत यायला चालेल, २ एच मध्ये (दोनच चाकांवर) आणि सावकाश, ४ एच टाकायचं नाही कारण नव्या टायरबरोबर तिचा घेर जुळेलच असं नाही. जमलं तर याच मॉडेलचा पाचवा घेऊन टाका आणि दर ८-१० हजारांला पाचही फिरवत राहा, म्हणजे पाचही बरोबरीनं झिजतील. आणि स्टेपनीतली हवा आज बघा. तीन वर्षं कुणी बघितली नसणार.

पाणंदवाला

बघितली. अकरा पीएसआय.